एक ताट कमी

१

सकाळी साडेनऊला कचेरीत यायचं, चष्मा पुसायचा, टेबलावरच्या तीन फायली पिशवीत घालायच्या आणि स्कूटर काढायची, हा भिंगाचा अकरा वर्षांचा परिपाठ. भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जाड काचांच्या चष्म्यावरून कचेरीतल्यांनी ते पाडलं होतं आणि त्यात टोमणाही होता. घरं तपासणं हे ज्याचं काम, त्या माणसाने अकरा वर्षांत एकही घर डोळे उघडून तपासलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही होतं. तो म्हणायचा, "डोळे उघडले तर पोट कसं भरायचं?"

कंपनी कर्ज द्यायची. त्याआधी भिंगाने माणसाच्या घरी जायचं आणि घरात कोण कोण आहे ते अर्जावर ओळीओळीने लिहायचं. एका माणसाच्या जगण्याला महिन्याला किती लागतं, तो आकडा कंपनीने ठरवून ठेवला होता. माणसं गुणिले तो आकडा, ते कमाईतून वजा, आणि उरेल त्यात हप्ता बसतो का ते बघायचं. बसला तर कर्ज मंजूर. न बसण्याची पाळी सहसा येत नसे, कारण एक ओळ खोडली की बसायचा. कचेरीत याला 'ताट उचलणं' म्हणत.

"एक ताट उचलावं लागेल बघा. कोणाचं उचलू?" असं भिंग विचारी. समोरचा गरजू माणूस हसे. कोणी सासूकडे बोट दाखवी, कोणी बसून असलेल्या भावाकडे. मग खोडलेल्या ओळीशेजारी कर्जदार सही करी, खाली भिंग करी, आणि कचेरीत मोठे साहेब करीत. हे खोटं आहे हे तिघांनाही ठाऊक असे, आणि ते दुसऱ्याचं खोटं आहे असं तिघांनाही वाटे.

यंदा दिवस फिरले. व्याज वाढलं, लोकांची कामं आटली, नवी कर्जं थांबली. भिंगाच्या टेबलावर आता वेगळ्या फायली येऊ लागल्या. ज्यांचे लागोपाठ तीन हप्ते चुकले, त्यांच्या घरी पुन्हा जायचं, माणसं पुन्हा मोजायची आणि अहवाल द्यायचा. त्याचा पगारही निम्म्यावर आला होता. काम मात्र दुप्पट झालं होतं, आणि तो थकला होता. झोपेने न जाणारा थकवा होता तो.

२

पहिलं घर शिंप्याचं. तळमजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी मशीन, मधे फुलाफुलांचा पडदा. भिंगाला ते घर आठवत होतं, खरं तर घरातला म्हातारा आठवत होता. शिंप्याचा बाप. चार वर्षांपूर्वी भिंग अर्ज भरत असताना तो खाटेवर बसून त्याला न्याहाळत होता आणि एकदम म्हणाला होता, "साहेब, तुमचा डावा खांदा उतरलाय. कोट शिवाल तेव्हा शिंप्याला आधीच सांगा." सगळे हसले होते. त्यानंतर पाचच मिनिटांनी शिंप्याने त्याच म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं होतं आणि भिंगाने पाचवी ओळ खोडली होती. त्यावरही सगळे हसले होते. म्हातारासुद्धा.

"घरात माणसं किती?" भिंगाने विचारलं.

"चार," शिंपी म्हणाला. मशीनवर कापड नव्हतंच, तरी त्याचा पाय पायट्यावर हलत होता. "आम्ही दोघं, दोन मुलं."

"आणि वडील?"

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने भिंतीकडे पाहिलं. "चारच आहोत साहेब," ती म्हणाली. "कागदावर आहे की."

म्हातारा गेला असावा आणि यांना बोलायचं नसावं, असं भिंगाने मनाशी ठरवलं. तो अर्ज भरू लागला. तेवढ्यात पडद्याआड कोणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसाचा खोल, ओला खोकला होता तो. खोकला थांबला आणि फरशीवर स्टीलचा पेला ठेवल्याचा आवाज झाला. हात कापणारा माणूस ठेवतो तसा, आधी कड टेकवून, मग हळूच बूड.

नवराबायकोंपैकी कोणीही मान वळवली नाही. बाईचा चेहरा मात्र आवळला गेला.

भिंग उठला आणि त्याने पडदा सारला. आत खाट होती, खाटेवर नीट घातलेली चादर होती आणि उशीला मधोमध खळगा होता. खोलीला दुसरं दार नव्हतं. खाटेखाली पेला होता, कोरडा.

"शेजाऱ्यांची भिंत पातळ आहे," शिंपी मागून म्हणाला.

"हो, तसंच असणार," भिंग म्हणाला. त्याने घाईघाईत सही घेतली आणि चपला घातल्या. उंबऱ्यापाशी तो वाकला असताना त्याच्या पाठीमागून, अगदी कानाशी, थकलेला आवाज आला.

"खांदा अजून उतरलेलाच आहे."

३

माणसाची अक्कल मोठी सोयीस्कर असते. स्कूटर पहिल्या वळणावर पोचेपर्यंत भिंगाच्या अकलेने चार कारणं शोधून दिली होती. आदल्या रात्री जेवण झालं नव्हतं. पित्त चढलं होतं. म्हाताऱ्याची आठवण काढली म्हणून त्याचा आवाज डोक्यात आला. आणि शिंप्यालाही विनोद करता येतो.

दुसरं घर इस्त्रीवालीचं. तिच्या अर्जावरून भिंगाने तिची धाकटी बहीण खोडली होती. "उद्या परवा लग्न होऊन जाईलच ती," असं इस्त्रीवाली तेव्हा म्हणाली होती.

"दोघी बहिणी नव्हतात का तुम्ही?" भिंगाने विचारलं.

"मी आणि माझा मुलगा. दोघंच," ती म्हणाली. नुकतीच फरशी पुसलेली होती. बाई दाराशी कपड्यांची चळत लावत होती आणि मुलगा शाळेत गेला होता. भिंग खुर्चीत बसून लिहीत होता, म्हणजे ओल्या फरशीवर पाऊल टाकायला घरात कोणीच नव्हतं.

तरीही मोरीपासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पावलं उमटली होती, लहानखुऱ्या बाईची, अनवाणी. ती तांदळाच्या डब्यापाशी थांबली होती. भिंग बघत असतानाच डब्याचं झाकण हललं. एकदा, मग पुन्हा.

इस्त्रीवाली उठली. कोपऱ्यातली लोखंडी इस्त्री उचलून तिने झाकणावर ठेवली आणि परत येऊन कपड्यांना हात घातला.

"उंदीर फार झालेत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसावं एवढंही तिच्या अंगात त्राण नव्हतं. "महिन्याचं मोजून आणते साहेब. दोघांचंच. हप्त्याला एवढं जातं, मग दोघांचंच येतं. तिसऱ्याचं कुठून आणू?"

भिंगाने तिसरा कोण, असं विचारलं नाही. त्या दिवसापासून तीन दिवसांत त्याने नऊ घरं मोजली. नवांच्या नवांत माणसं अर्जात होती तेवढीच निघाली, एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि प्रत्येक घरात कुठल्यातरी दाराआड, कुठल्यातरी भांड्यापाशी, कोणीतरी भुकेलं होतं.

४

मोठे साहेब निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते. त्यांनाही झोप लागत नसे, पण त्यांनी त्यावर गोळ्या शोधल्या होत्या. भिंगाने शिंप्याची फाइल त्यांच्यापुढे ठेवली.

"साहेब, या घरात पाच माणसं आहेत. मी चार लिहिली होती. दुरुस्त करून आणलंय."

साहेबांनी वाचलं आणि लाल पेनाने पाचावर काट मारली. "बेरीज हलता कामा नये."

"पण पाच आहेत साहेब."

"असतील. पाच म्हटलं की हे कर्ज तेव्हाच बसत नव्हतं असं होतं. मग ते दिलं कोणी? तू भरलंस, त्याने सही केली, मी मंजूर केलं. आपण चुकीचं कर्ज दिलं, असं आपणच लिहून द्यायचं का?"

"चुकीचं दिलंच ना."

"त्याने घेतलं नाही? त्याला मोजता येत नव्हतं?"

"येत होतं. पण गरज होती त्याला. आपल्याला कसली होती?"

साहेबांनी फाइल मिटली. मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "हे बघ भिंग, माणसं खुशाल बदल. कोण आलं, कोण गेलं, मला कर्तव्य नाही. बेरीज तीच असेल तर मी न वाचता सही करतो." त्यांनी फाइल परत सरकवली आणि सहज सांगावं तसं म्हणाले, "आणि तुझ्या स्वतःच्या हप्त्याचं बघ. दोन चुकलेत तुझे. तिसरा पाच तारखेला. तुझी फाइल तुझ्याच टेबलावर आली तर लोक फिदीफिदी हसतील रे."

भिंगाला स्वतःचा अर्ज आठवला. घराच्या कर्जाचा अर्ज सहा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच भरला होता. चार ओळी होत्या. स्वतः, बायको, आई, आणि चौथी ओळ: मुलगी, वय २१ दिवस. तेव्हाही हप्ता थोडक्यात बसत नव्हता. याच खोलीत, याच साहेबांपुढे, "ही कुठे जेवतेय एवढ्यात!" असं म्हणून त्याने हसत हसत चौथी ओळ खोडली होती.

५

दुसऱ्या दिवशी तो शिंप्याकडे गेला. फाइलचं काही झालं नाही, एवढंच सांगायचं होतं. शिंपी एकटाच होता. त्याने भिंगाला बसायला दिलं आणि त्याच्याकडे न बघता, दोऱ्याचं रीळ हातात फिरवत बोलू लागला.

"बाबा आहेत साहेब. आम्हाला दिसत नाहीत, पण आहेत. तिसरा हप्ता चुकला त्या दुपारी जेवायला बसलो, तर बायकोने चारच ताटं मांडली, आणि मलाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. खोकला ऐकला तेव्हा आठवलं. आता मी माझ्यातला अर्धा भात पडद्याआड ठेवतो. थोड्या वेळाने ताट धुऊन पालथं घातलेलं असतं. त्यांची सवयच होती, आपलं ताट आपण धुवायचं."

"तुमचं भागतं अर्ध्यात?"

"भागवायचं. बोट मीच दाखवलं होतं ना? तुम्ही विचारलंत तुमच्या सवयीने, मी दाखवलं माझ्या गरजेने. पण ते बघत होते साहेब. हसले, पण बघत होते." शिंप्याने रीळ खाली ठेवलं. "मला स्वतःकडे दाखवता आलं असतं. तेव्हा ते सुचलं नाही."

भिंगाने सांगितलं, "बेरीज बदलत नाही. माणसं बदलता येतात."

शिंप्याने रीळ पुन्हा उचललं. भिंगाच्या बोलण्याचा अर्थ त्याला कळला होता. "मुलं लहान आहेत," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. पडद्याआडून कोणीतरी, समजूत काढावी तसं, हलकेच खाकरलं.

६

पाच तारखेपर्यंत भिंगाने हात पसरायचे तेवढे पसरले. भाऊ म्हणाला, माझंच मला होईना. मेहुण्याने फोन उचलला नाही. घड्याळवाल्याने लग्नातलं घड्याळ उलटंपालटं करून परत दिलं. बायकोने एकुलती एक साखळी आधीच्याच हप्त्यांत घालवली होती. पाच तारखेला सकाळी लेक शाळेला निघाली. लेकीला घरात खारूताई म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे आणि खिशात काहीतरी खाऊ दडवून ठेवी. तिने दारातून हात हलवला. उजव्या अंगठ्यावर शाईचा निळा डाग होता. भिंगाने तो डाग पुन्हा पुन्हा पाहून घेतला, परीक्षेआधी उजळणी करावी तसा.

अकरा वाजता फोनवर संदेश आला. खात्यात पुरेशी रक्कम नाही, हप्ता जमा झाला नाही.

तो फायली टाकून घरी निघाला. तिसरा मजला, जिना चढताना दोनदा थांबला. दार उघडंच होतं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बायको पानं वाढत होती. तीन ताटं.

"अहो, लवकर कसे आलात? बरं झालं, गरम गरम बसा," बायको म्हणाली.

"खारूताई कुठाय?"

"कोण?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. दप्तराची खुंटी रिकामी होती. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला उंचीची रेघ मारलेली असे, तिथे नुसतं लाकूड होतं, जुनं आणि स्वच्छ. दात घासायचे ब्रश तीन होते. ती शाळेत असेल, त्याची अक्कल म्हणाली, दोन वाजता येईल. पण या वेळी त्याच्या अकलेवर त्याचाच विश्वास बसला नाही.

"आई, तुझी नात कुठाय?"

आईने घडी तशीच हातात धरली. "नात असती तर काय हवं होतं रे," ती म्हणाली. "सहा वर्षांची असती एव्हाना." हे सहा कुठून आले, ते तिचं तिलाही कळलं नाही. ती गोंधळून खिडकीकडे बघत राहिली.

बायकोचा भाताचा डाव चौथ्या जागेवर, रिकाम्या फरशीवर, क्षणभर थांबला. मग तिने तो परत पातेल्यात ठेवला आणि कारण नसताना पदराने डोळे टिपले. "मला हल्ली काय होतंय कळत नाही," ती म्हणाली. "सारखं काहीतरी गॅसवर विसरल्यासारखं वाटतं."

आतल्या खोलीत दोरीवरच्या उड्यांचा आवाज येऊ लागला. टप, टप, टप. मग आवाज मंद झाला आणि थांबला.

"बाबा, भूक लागली."

भिंगाने आपलं ताट उचललं, आतल्या खोलीच्या दारात जमिनीवर ठेवलं आणि तोंड फिरवलं. त्याला बघायची हिंमत नव्हती. पाठीमागे ताट फरशीवर किंचित सरकलं. मग खाण्याचा आवाज आला, घाईघाईने, श्वास घ्यायलाही न थांबता. सकाळी पोटभर खाऊन गेलेलं मूल असं खात नाही. तो आवाज सहा वर्षांचा साठलेला होता.

त्याला राहवलं नाही. त्याने मान वळवली. दाराच्या कडेमागून एक हात ताटात आला होता, फक्त कोपरापर्यंत. भाताची शितं लागलेली बोटं, आणि अंगठ्यावर निळा डाग. भर दुपारी त्या हातापलीकडे नुसती रिकामी, उजेडाने भरलेली खोली होती.

७

दुपारी तीनला तो कचेरीत परतला. त्याची फाइल खरोखरच त्याच्या टेबलावर येऊन पडली होती. आधी त्याने चौथी ओळ पुन्हा लिहिली आणि बेरीज चार केली. साहेबांनी लाल काट मारली. भिंगाने वाद घातला नाही. फाइल घेऊन तो जागेवर आला आणि चष्मा पुसून त्याने, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, एक अर्ज नीट वाचला.

मग चौथ्या ओळीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: मुलगी, वय ६. आणि पहिली ओळ खोडली. स्वतः.

खोडलेल्या ओळीशेजारी कर्जदार म्हणून त्याने सही केली, खाली तपासनीस म्हणून केली.  खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकंच वाटलं.

"बेरीज?" साहेबांनी वर न बघता विचारलं.

"तीच. तीन."

"मग झालं." साहेबांनी सही ठोकली, शाईवर फुंकर घातली आणि मान वर केली. समोर उभ्या असलेल्या भिंगाच्या आरपार त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हाक मारली, "अरे, ही फाइल कोणी आणून ठेवली इथे?"

भिंग स्कूटर न काढता चालतच घरी गेला. दाराच्या चौकटीवर सहा रेघा होत्या. खुंटीला दप्तर होतं. आतून बायकोचा, आईचा आणि लेकीचा आवाज येत होता, तिघी एकदम बोलत होत्या. तो उंबऱ्यात उभा राहून पोटभर ऐकत राहिला. त्याने खाकरून पाहिलं. कोणी मान वळवली नाही.

त्यालाही आता बरेच महिने झाले. तो रोज साडेनऊला कचेरीत जातो. टेबलावरच्या फायली संध्याकाळपर्यंत आपोआप पुऱ्या होतात आणि त्या कोण करतं, हे तिथे कोणी विचारत नाही. घरं आता तो खरोखर तपासतो आणि दाराआडच्यांशी दोन शब्द बोलून येतो. पगार खात्यात पडतो, आणि पाच तारखेला हप्ता वेळेवर जातो. एकही चुकलेला नाही.

दुपारी घरी तीन ताटं मांडली जातात. खारूताई निम्मं जेवते आणि उरलेलं ताट उचलून आतल्या खोलीच्या दाराआड नेऊन ठेवते.

"तिथे कशाला ठेवतेस गं? उंदीर होतील," आजी रोज ओरडते.  बायको लेकीच्या ताटात रोज एक डाव भात जास्त वाढते, आणि का वाढला म्हणून स्वतःच डावाकडे बघत राहते.

जेवण झालं की भिंग ताट धुतो आणि पालथं घालून ठेवतो.